लठ्ठ उमरावाची गोष्ट

इतिहासांतील कांहीं गोष्टी इतक्या गमतीदार असतात कीं, त्या ऐकल्यावर पुढें कांहीं वाचण्याची कोणास गरज वाटत नाहीं. गेल्या महिन्यांत एका व्याख्यानमालेंत अशीच एक गोष्ट आम्हांस पुन्हां ऐकावी लागली. वक्ते बहुश्रुत होते, सभागृह भरलेलें होतें, आणि विषयाचा एकंदर रोख कायदेमंडळें हवींतच कशाला असा होता. वक्त्यांनीं सांगितलें कीं, ज्या हेबियस कॉर्पसच्या कायद्याचा इंग्रज लोक एवढा टेंभा मिरवितात, तो एका लठ्ठ उमरावाला दहा माणसें धरून मोजल्यामुळें पास झाला. सबब कायदेमंडळ म्हणजे डोकीं मोजण्याचा खेळ, आणि तीं डोकींहि तेथें धड मोजतां येत नाहींत. टाळ्या पुष्कळ पडल्या. आमच्या शेजारच्या गृहस्थांनीं तर "अगदीं बरोबर बोलले" असें म्हणून मोठ्या समाधानानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही तेथें गप्प बसलों. तेथें बोलावयाचें राहून गेलें तें येथें लिहीत आहों.

प्रथम ती गोष्ट नीट सांगितली पाहिजे. तारीख २७ मे १६७९, तेव्हांच्या इंग्लंडांतील जुन्या पंचांगाप्रमाणें. स्थळ वेस्टमिन्स्टर. राजा दुसरा चार्लस आणि त्याचें पार्लमेंट यांचें वैर विकोपाला गेलें होतें. राजाचा भाऊ जेम्स हा कॅथलिक. त्याला गादीचा वारसा मिळूं नये अशा आशयाचें बिल कॉमन्स सभेनें सहाच दिवसांपूर्वीं दुसऱ्या वाचनांत २०७ विरुद्ध १२८ मतांनीं उचलून धरलें होतें. राजा आतां अधिवेशन गुंडाळणार हें ज्याला त्याला दिसत होतें. आणि अधिवेशन गुंडाळलें म्हणजे दोन्ही सभांतून पार न पडलेलें प्रत्येक बिल मेलें, पुढील अधिवेशनांत पुन्हां पहिल्या वाचनापासून आरंभ. कैद्यांच्या सुटकेचें बिल ह्या वेळीं दोन सभांच्या मध्यें अडकून पडलें होतें. लॉर्ड्स सभेनें त्यांत दुरुस्त्या केल्या होत्या, त्या कॉमन्स सभेला पटत नव्हत्या. तेव्हां दोहोंकडच्या प्रतिनिधींनीं आणखी एकदां भेटून बोलावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न त्या दिवशीं लॉर्ड्स सभेंत मतास पडला. मत कायद्यावर नव्हतें, भेटीवर होतें. पण भेट नाकारली असती तर बिल तेथेंच संपलें असतें.

मोजणीची रीत अशी होती कीं, अनुकूल मताचे उमराव बाहेर जाऊन पुन्हां आंत येत, प्रतिकूल मताचे आपापल्या जागीं बसून राहत, आणि दाराशीं दोन्ही पक्षांचा एकेक मोजणीदार उभा राही. एकानें मोठ्यानें मोजावें, दुसऱ्यानें त्याच्यावर नजर ठेवावी. बिलाच्या बाजूनें लॉर्ड ग्रे होता, विरुद्ध बाजूनें लॉर्ड नॉरिस. नॉरिसचें चित्त ठिकाणावर नव्हतें. इतक्यांत एक अत्यंत स्थूल उमराव दारांतून आला. ग्रेनें थट्टेनें त्याला दहा असा मोजला. नॉरिसच्या तें ध्यानांत आलें नाहीं, आणि आंकडा तसाच पुढें चालला. ही हकीकत बिशप बर्नेट ह्यानें आपल्या काळाच्या इतिहासांत लिहून ठेविली, आणि तो इतिहास त्याच्या मरणानंतर १७२४ सालीं छापला गेला.

लॉर्ड्स सभेच्या टिपणवहींत ५७ विरुद्ध ५५ अशी नोंद आहे. म्हणजे मतें ११२. आणि त्याच वहीप्रमाणें हजर उमराव १०७! ह्या आंकड्यांवरून कोणी बर्नेटची गोष्ट सिद्ध झाली असें म्हणतात. एकाला दहा धरलें तर नऊ मतें वाढावीं, येथें पांच वाढलीं आहेत. चौघांनीं मत दिलें नसेल तर हिशेब जुळतो, आणि कारकुनानें उशिरां आलेले पांच उमराव हजेरींत धरले नसतील तरीहि जुळतो. आम्ही ह्या वादांत शिरत नाहीं. गोष्ट खरी आहे असें धरूनच चालतों.

मग तिच्यावरून काय ठरतें? एका दुपारीं एका मोजणींत लबाडी झाली, एवढेंच. परंतु त्या दिवशीं त्या दारापर्यंत तें बिल कोणी आणलें? तें कांहीं स्थूल उमरावाच्या खिशांतून आलें नव्हतें. १६६७ सालीं क्लॅरेंडनवर जो महाभियोग झाला त्यांत एक आरोप असा होता कीं, त्यानें माणसांना दूरच्या बेटांवरील किल्ल्यांत नेऊन ठेविलें, ज्यायोगें त्यांना न्यायालयाकडे पोंचतां येऊं नये. १६६८ पासून कॉमन्स सभेनें ह्या विषयावर बिलामागून बिल आणलें. कोणतें लॉर्ड्स सभेंत कुजलें, कोणतें अधिवेशनाबरोबर बुडालें. अकरा वर्षें तेंच वाचन, तीच समिती, तोच शब्दांचा कीस. ह्या अकरा वर्षांवर व्याख्यान देऊन टाळ्या मिळत नाहींत, हें आम्हांस मान्य आहे.

मधल्या काळांतील एक प्रकरण मात्र सांगण्यासारखें आहे. १६७६ च्या उन्हाळ्यांत फ्रॅन्सिस जेंक्स नांवाच्या लंडनच्या एका कापडवाल्यानें गिल्डहॉलमध्यें भाषण करून नव्या पार्लमेंटची मागणी केली. त्याला तुरुंगांत टाकलें. त्यानें हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद्याचा देह न्यायालयापुढें हजर करण्याचा, हुकूम मागितला. मुख्य न्यायाधीश म्हणाले, सध्यां सुटी आहे. लॉर्ड चॅन्सेलरांचेंहि तेंच. हुकूम जुनाच होता, हक्कहि जुनाच होता. त्यासाठीं १६२८ च्या हक्कांच्या अर्जावर एका राजाला मान तुकवावी लागली होती. पण कोर्टाला सुटी होती! ज्यांना स्वातंत्र्य ही केवळ भावनेची वस्तु वाटते, त्यांनीं ह्या कापडवाल्याच्या कोठडींत क्षणभर मनानें बसून पाहावें. तेथें त्याला उदात्त घोषणेची उणीव नव्हती. उणीव होती ती सुटींतहि दार उघडावयास लावणाऱ्या एका कलमाची.

आतां १६७९ च्या कायद्याचीं कलमें पाहा. त्यांत स्वातंत्र्याची स्तुति कोठेंहि नाहीं. आहेत ते तास, मैल आणि पौंड. कैद्यानें मागितल्यापासून सहा तासांच्या आंत वॉरंटची नक्कल त्याला मिळाली पाहिजे. तुरुंग वीस मैलांच्या आंत असेल तर तीन दिवसांत कैदी न्यायाधीशापुढें उभा राहिला पाहिजे. शंभर मैलांच्या आंत असेल तर दहा दिवसांत. त्याहून दूर असेल तर वीस दिवसांत. नेण्याआणण्याचा खर्च मैलाला बारा पेन्सांहून अधिक घेतां येणार नाहीं. तुरुंगाधिकाऱ्यानें हें मोडलें तर पहिल्या वेळीं शंभर पौंड दंड, दुसऱ्या वेळीं दोनशें आणि नोकरीलाहि मुकावें लागेल. सुटींत हुकूम नाकारणाऱ्या न्यायाधीशाला पांचशें पौंड दंड, आणि ते पैसे सरकारच्या तिजोरींत न जातां कैद्याच्या हातीं. स्कॉटलंड, आयर्लंड, जर्सी, ग्वेर्न्सी, टँजियर किंवा समुद्रापार कोठेंहि कैद्याला पाठवावयाचें नाहीं. बारा पेन्सांचें कलम घालणाऱ्या माणसाला तुरुंग आंतून ठाऊक असला पाहिजे, असें आम्हांस नेहमीं वाटतें. श्रीमंत कैद्याला तें सुचलें नसतें.

हीं कलमें वाचून आम्ही वक्त्यांस विचारतों : ह्यांतलें कोणतें कलम लठ्ठ उमरावानें लिहिलें? दहा माणसें धरून मोजल्यानें बिल दारांतून आंत आलें असेल; सहा तासांचा आंकडा त्यानें घडविला नाहीं. तो घडविला कंटाळवाण्या समित्यांनीं, ज्यांच्या कामकाजाला "नुसती बडबड" म्हणण्याची आपल्याकडे आतां चाल पडली आहे. त्याच अधिवेशनांत लंडनमधील टेंपलच्या आगींत जळालेलीं जमिनीच्या व्यवहारांचीं दप्तरें पुन्हां लिहून काढण्याचाहि एक कायदा झाला. त्याचें नांव कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नाहीं. पण ज्याच्या मालकीचा कागद त्या आगींत जळाला त्याला तो मोठाच वाटला असेल. पार्लमेंटचें खरें काम बहुतेक असेंच असतें.

येथें दुसऱ्या एका पक्षालाहि दोन शब्द सुनावले पाहिजेत, आणि त्या पक्षांत कित्येक वर्षें आम्ही स्वतःच होतों. हा कायदा म्हणजे आंग्ल जातीच्या स्वातंत्र्यप्रेमाचें फळ, असें आम्ही वर्गांत शिकविलें आहे. तें शिकविणें चूक होतें. बिलाचा पुढारी लॉर्ड शाफ्ट्सबरी कांहीं संत नव्हता. १६७७ सालीं तो स्वतः टॉवरमध्यें कोंडला गेला होता, त्यानें हेबियस कॉर्पससाठीं धडपड केली होती, आणि तुला पार्लमेंटनेंच कोंडलें आहे असें सांगून न्यायालयानें त्याला परत पाठविलें होतें. आपल्याच कातडीवरून त्याला हा धडा मिळाला. आणि ह्याच शाफ्ट्सबरीचा पक्ष त्या वर्षीं "पोपच्या कटा"चें कुभांड माजवून निरपराध कॅथलिकांना फांसावर चढवीत होता. कायद्याला राजाची संमति मिळाल्यावर महिना उलटण्यापूर्वीं, २० जून रोजीं, पांच जेझुइटांना फांशी झाली. त्या मेच्या दिवसाला देवघरांत बसविण्याचें मुळींच कारण नाहीं.

शिवाय हें स्वातंत्र्य कोणाचें? मुंबईचें सर्वोच्च न्यायालय नुकतेंच स्थापन झालें होतें, तेव्हां १८२८ सालीं पुण्यांतील मोरो रघुनाथ नांवाच्या मुलाला एका वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यांतून हजर करण्याचा हेबियस कॉर्पसचा हुकूम तेथून सुटला. गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यानें तो पुण्यांत बजावूं दिला नाहीं. न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट ह्यानें संतापून न्यायालयच बंद केलें. १८२९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला तो सरकारच्या बाजूनें : मुंबई बेटाबाहेर, न्यायालयाच्या अधिकारांत नसलेल्या लोकांवर, असा हुकूम चालणार नाहीं. पुढें १८९७ सालीं रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखालीं उचललें, आणि आरोप न ठेवतां, खटला न चालवितां १८९९ पर्यंत अडकवून ठेविलें. बारा पेन्सांचें कलम समुद्र ओलांडून पुण्यापर्यंत आलें नाहीं.

तरीहि आम्ही त्या दिवसाच्या कामकाजाची बाजू घेतों, तें आपल्याच घरच्या अनुभवावरून. आपण १९५० सालीं राज्यघटनेंत हा हुकूम ३२ व्या आणि २२६ व्या कलमांनीं आणला. एकविसाव्या कलमाचे शब्द तर किती भव्य! आणि २८ एप्रिल १९७६ रोजीं, आणीबाणींत, सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक मतानें सांगितलें कीं, स्थानबद्धाला न्यायालयाचें दार ठोठावतां येणार नाहीं. त्यापूर्वीं नऊ उच्च न्यायालयांनीं उलट मत दिलें होतें. एकट्या न्यायमूर्ति खन्नांनीं विरोध नोंदविला. बहुमतांत न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल २०१७ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें मोडीत काढला तेव्हां तें लिहिणारे त्यांचेच चिरंजीव होते. मधल्या काळांत कैद्यांचें संरक्षण कोणी केलें म्हणाल, तर १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें : विसावें आणि एकविसावें कलम आणीबाणींतहि स्थगित करतां येणार नाहीं, असा एक रुक्ष मजकूर. तोहि कायदेमंडळांतच, त्याच "बडबडी"ंतून निघाला.

आणि अजून एक ठिकाण पाहावें. साध्या अटकेला आपल्या बाविसाव्या कलमानें चोवीस तासांची मर्यादा घातली आहे. तेथें आंकडा आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र तेंच कलम म्हणतें कीं, कारणें "शक्य तितक्या लवकर" कळवावींत. कोणाला शक्य? किती लवकर? १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानें सामान्यतः पांच दिवस म्हटलें, आणि असाधारण परिस्थितींत त्याहूनहि अधिक. परिस्थिति असाधारण आहे कीं नाहीं हें ठरविणारा अधिकारी तोच, ज्यानें माणूस आंत ठेविला. १६७९ च्या समितींतील माणसांनीं हा "सामान्यतः" पाहिला असता तर प्रथम तोच खोडला असता, असें आम्हांस वाटतें. सुटी आहे म्हणणारे न्यायाधीश त्यांनीं पाहिले होते.

व्याख्यानमालेचे चालक आमच्या ओळखीचे आहेत. पुढील वर्षीं त्याच व्यासपीठावर बाविसावें कलम आणि १६७९ चा कायदा शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्यास आम्हांस अर्धा तास द्यावा, असें आम्ही त्यांस लिहून कळविलें आहे. विषय फार कोरडा होईल, असें त्यांचें उत्तर आलें आहे.