टिटवाळा, झरी आणि सॅन फ्रान्सिस्को

टिटवाळ्याचे नाव निघाले की सामान्यतः महागणपतीचे देवालय आणि अंगारकीची गर्दी डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्राच्या शेतकरी चळवळीच्या इतिहासात मात्र या गावाला निराळे स्थान आहे. महाराष्ट्रातील किसान सभेचे पहिले प्रांतिक अधिवेशन जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास भरले. या अधिवेशनामागे शामराव व गोदावरी परुळेकर यांचे ठाणे जिल्ह्यातील काम उभे होते. उंबरगाव भागातून काही वारलीही तेथे आले होते. आपल्यासारखीच गरीब माणसे उघडपणे सभा भरवतात, सावकार-जमीनदारांच्या तोंडावर ठराव करतात आणि तरीही आभाळ कोसळत नाही, हे त्यांनी टिटवाळ्यास पाहिले. पुढे चारच महिन्यांनी, २३ मे १९४५ रोजी, झरी या गावी सुमारे ५,००० वारली एकत्र आले. यापुढे वेठ करावयाची नाही आणि रोजची मजुरी १२ आण्यांहून कमी घ्यावयाची नाही, असा निर्धार त्यांनी केला.

झरीची सभा भरली त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक परिषद चालू होती. २५ एप्रिल ते २६ जून १९४५ या काळात सॅन फ्रान्सिस्को येथे ५० राष्ट्रांचे प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार करीत होते. सुमारे ८५० प्रतिनिधींच्या त्या मेळाव्यात सनदेवर सही करण्याचा मान अवघ्या चार स्त्रियांना मिळाला: ब्राझीलच्या बेर्था लुट्झ, डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिनर्व्हा बर्नार्डिनो, चीनच्या वू यी-फांग आणि अमेरिकेच्या व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह. भारताच्या नावाने तेथे बसलेले शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने निवडलेले होते. विजयालक्ष्मी पंडित यांना स्वतंत्र भारताची बाजू सभागृहाबाहेर उभे राहून मांडावी लागली.

या दोन घटना एकत्र ठेवून पाहण्याची आपल्याला सवय नाही. सॅन फ्रान्सिस्कोस घडले ते जागतिक राजकारण, झरीस घडले ते स्थानिक मजुरीचे भांडण, आणि वारली स्त्रीच्या वाट्याला आले ते तर तिचे खाजगी दुःख, अशी वर्गवारी अभ्यासकांनी केली आणि चळवळींनीही ती निमूटपणे स्वीकारली. गेल्या अर्धशतकातील स्त्रीवादी विचाराने हरकत घेतली आहे ती नेमकी या वर्गवारीला. ही हरकत विद्यापीठीय चर्चेपुरती आहे असे समजून समाजवादी कार्यकर्त्याने तिच्याकडे दुर्लक्ष करणे बरे नव्हे. ती मुळात सत्तेविषयीची आहे, आणि सत्ता हा तर त्याचा नित्याचा विषय आहे.

लग्नगडी या प्रथेचेच उदाहरण घ्यावे. लग्नाच्या खर्चासाठी वारली तरुण जमीनदाराकडून थोडे पैसे उचलीत असे आणि त्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. कर्ज फिटत नसे. बायकोच्या श्रमाबरोबर तिच्या देहावरही जमीनदार हक्क सांगत असे. या व्यवहारात कर्ज हे अर्थशास्त्र, विवाह ही समाजरीत, अत्याचार हा नीतीचा प्रश्न आणि जमीनदाराला मिळणारे पोलिसांचे पाठबळ हे राजकारण, असे तुकडे पाडताच येत नाहीत. शिवाय त्या पाठबळाचा उगम साम्राज्यात होता. सक्तीच्या श्रमाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हा येथे १९३० सालीच झाला होता. पंधरा वर्षे उलटली तरी उंबरगाव-डहाणूच्या जंगलात वेठ चालूच होती. ती मोडली वारल्यांच्या एकजुटीने. आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार करून पाच जणांचे प्राण घेतले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या सनदेवरील शाई नुकतीच वाळली होती.

गोदावरीबाईंचा पक्ष वेगळा होता. समाजवाद्यांचे त्यांच्याशी अनेक बाबतींत तीव्र मतभेद राहिले. परंतु कायद्याचे उच्च शिक्षण घेतलेली एक शहरी स्त्री रानात राहून या प्रश्नाचा गाभा कशी उकलते, हे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या १९७० सालच्या पुस्तकातून प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावे. त्या शीर्षकातील ‘माणूस’ या शब्दालाही अर्थ आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दाला भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आक्षेप घेतला, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या जाहीरनाम्यात ‘सर्व मानव’ हा शब्द आला. मराठीतील ‘माणूस’ स्त्रीलाही सामावून घेतो असे आपण मानतो; तरी व्यवहारात तिच्यासाठी ‘बाईमाणूस’ असा वेगळा शब्द आपल्याला लागतोच. कायद्यातील शब्द बदलला म्हणून व्यवहार बदलत नाही, हे खरे. पण शब्द बदलण्यासाठीही कोणीतरी त्या खोलीत असावे लागते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस सिंथिया एन्लो या अमेरिकन विदुषीने एक साधा प्रश्न विचारला: आंतरराष्ट्रीय राजकारणात स्त्रिया कोठे आहेत? केळीच्या मळ्यांत, परदेशी लष्करी तळांच्या आसपास, मुत्सद्द्यांच्या घरांत, परमुलखात मोलकरीण म्हणून गेलेल्यांच्या रांगांत तिने त्या शोधल्या, आणि त्यांच्या स्वस्त किंवा फुकट श्रमांवाचून राष्ट्राराष्ट्रांचे व्यवहार एक दिवसही चालणार नाहीत असे दाखवून दिले. त्याच सुमारास न्यूझीलंडच्या संसदसदस्या राहिलेल्या मॅरिलिन वेअरिंग यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबावरच बोट ठेवले. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीनुसार रणगाडा बांधला की उत्पन्नात भर पडते. घरात स्वयंपाक करणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे यांची मात्र त्यात नोंदच होत नाही. भारत सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. त्याच वर्षी जगाचा लष्करी खर्च सुमारे २,७१८ अब्ज डॉलरवर गेला, असे स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेचे अनुमान आहे. शस्त्रांसाठी पैसा हवा म्हणून सरकार दवाखाना, शाळा, रेशन यांवरील खर्च आवळते, तेव्हा ती कामे नाहीशी होत नाहीत. ती घरात परत येतात आणि त्या २८९ मिनिटांत भर घालतात. युद्धाचा हा कर कोणत्याही अर्थसंकल्पात छापला जात नाही.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी हे नाते कोणत्याही ग्रंथाआधी ओळखले होते. १९७२च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया महागाईविरोधी संयुक्त महिला आघाडीत एकत्र आल्या. लाटणे आणि थाळी ही त्यांची निशाणी झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. सुएझकाठच्या लढाईची झळ रॉकेलच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईपर्यंत कशी पोहोचते, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

आता प्रश्न असा की, स्त्रिया सत्तास्थानी आल्या की हे आपोआप बदलेल काय? १९७५ सालाने याचे कडू उत्तर दिले आहे. ते संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. १९ जूनपासून मेक्सिको शहरात पहिली जागतिक महिला परिषद चालू होती. ती संपण्यापूर्वीच, २५ जून रोजी, भारतात एका स्त्री पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून आणीबाणी पुकारली गेली. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्या मृणालताई, अहिल्याताई आणि प्रमिलाताई त्या राजवटीत तुरुंगात गेल्या. १९७७च्या निवडणुकीनंतर ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली. तिच्यातील विनोद सोडला तरी अर्थ उरतोच. दोघीही ‘बाई’च, पण एकीची सत्ता राज्ययंत्राच्या शिखरावरून खाली येत होती आणि दुसरीची नळकोंडाळ्यापासून वर चढत होती. १९८२ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी फॉकलंडचे युद्ध लढविले तेही याच जातीचे उदाहरण होय. सत्तेची घडण तीच राहिली तर खुर्चीवरील व्यक्ती स्त्री असल्याने युद्ध टळत नाही.

मात्र यावरून प्रतिनिधित्वाचा आग्रह व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे ही पुरुषी सोय ठरेल. १९४५ ते २०२५ या ८० वर्षांत राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसपदी एकही स्त्री आली नाही. २०२४च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. २०२३ साली केलेल्या आरक्षणाच्या घटनादुरुस्तीची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या फेररचनेशी जखडून ठेवल्यामुळे ती निवडणूक आरक्षणाविनाच झाली. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. पण टिटवाळा ज्या कल्याण-डोंबिवली महापालिकेत मोडतो तिची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सभागृहच नाही तर निम्म्या जागा कोठल्या? स्त्रियांचा वाटा आणि लोकशाहीचे अस्तित्व हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

लग्नगडीची प्रथा गेली; स्त्रीच्या अंगठ्यावर कर्ज उभे करण्याची रीत गेली नाही. सूक्ष्म-वित्त कंपन्यांचे कर्ज बहुतांशी स्त्रियांच्या गटांना मिळते. त्यामागचे भांडवल मात्र दूरच्या शेअरबाजारातून येते. २०१० साली हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीच्या समभागविक्रीला देशी-परदेशी गुंतवणूकदारांची झुंबड उडाली आणि त्याच वर्षी वसुलीच्या जाचाच्या तक्रारींमुळे आंध्र सरकारला ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढावा लागला. गटातील बाईचा हप्ता आणि जागतिक भांडवलाचा नफा हे एकाच साखळीचे दोन दुवे आहेत.

अशा वेळी चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. अधिवेशनात परराष्ट्र धोरणाचा आणि आर्थिक स्थितीचा ठराव पुरुष मांडतात, पुरुषच त्याला अनुमोदन देतात. स्त्रियांकडे ‘महिलांचे प्रश्न’ आणि चहाची व्यवस्था येते. संध्याकाळी सातला सभा ठेवावयाची आणि मग स्त्रिया येत नाहीत अशी तक्रार करावयाची, हा नेहमीचा परिपाठ. कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीतून टिटवाळ्यास उतरणाऱ्या नोकरदार बाईला त्या वेळी चूल पेटवावयाची असते. सभेची वेळ बदलावी, सभेच्या दिवशी घरचे काम पुरुष कार्यकर्त्याने उचलावे आणि युद्ध, तेल, कर्ज व लष्करी खर्च यांवरील ठरावांचे मसुदे स्त्री कार्यकर्त्यांनी लिहावेत, इतके तरी प्रत्येक शाखेला निधीची वाट न पाहता करता येईल.

टिटवाळ्याला आलेल्या वारल्यांना सॅन फ्रान्सिस्कोचे नावही ठाऊक नसेल. तरीही जगातील सत्तेचा भार अखेर कोणाच्या पाठीवर पडतो, हे त्यांना सनद लिहिणाऱ्यांहून अधिक कळले होते. त्यांच्यातही जिच्यावर हा भार सर्वांत जास्त पडला ती लग्नगड्याची बायको अधिवेशनाच्या वृत्तान्तात क्वचितच दिसते. आता तिला वृत्तान्तात नव्हे, ठराव मांडणाऱ्यांत स्थान असले पाहिजे.