अँबेसिडर की फियाट?

परवा एका घरी चहाला बसलो असताना वाद निघाला. अँबेसिडर चांगली की फियाट? एक जण म्हणाला, "मंत्री कशात बसत होते ते बघा." दुसऱ्याच्या वडिलांनी मुंबईत फियाटची टॅक्सी चालवली. तो ऐकायलाच तयार नाही. वाचकहो, शेवटी दोघेही आमच्याकडे वळले!

दोन्ही गाड्या मूळच्या बाहेरच्या. अँबेसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनवायला घेतली, ती २०१४ पर्यंत. फियाट ११०० इटलीची. प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. १९७४ साली तिचे नाव पद्मिनी झाले, पण लोकांच्या तोंडी फियाट ती फियाटच.

बसायला विचाराल तर अँबेसिडर. मागची सीट दिवाणासारखी. घरातली चार माणसे, मांडीवर पोरे आणि डिकीत बोचकी, सगळे मावायचे. खराब रस्त्यावर तिला कमानपाट्यांचा आधार. पण अंगाने जड, स्टिअरिंग वळवताना खांदे भरून यायचे. इंजिनही मोठे, बरीच वर्षे १४८९ सी.सी.चे. फियाटचे १०८९ सी.सी. गाडी फूटभर आखूड, वजनाने हलकी. मुंबईच्या गर्दीत चटकन वळायची, पेट्रोल कमी प्यायची. घाटात मात्र तापायची. बॉनेट उघडून पाण्याचा डबा हातात घेतलेला ड्रायव्हर कोणी पाहिला नाही?

आता मुद्द्याचे. टॅक्सीवाल्याला गाडीचा रुबाब काय करायचा? पुष्कळांची गाडी मालकाची. रोजचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे, पेट्रोल आपले, उरेल ते घरी. गाडी एक दिवस बंद पडली की त्या दिवशी घरात पैसा नाही. फियाटचा कारखाना कुर्ल्यात, सुटे भाग मुंबईतच, नवे नसतील तर भंगारात. गल्लीतला मेस्त्री फुटपाथवर कार्बोरेटर उघडून तासाभरात गाडी चालू करून देई. कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्याने अँबेसिडर धरली, त्याचेही गणित हेच असणार. कारखाना त्याच्या दाराशी. म्हणून आम्ही दोघांना सांगितले, मुंबईत फियाट, कलकत्त्यात अँबेसिडर. मंत्र्यांचा हिशोब वेगळा, पेट्रोल त्यांच्या खिशातले नव्हते.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून उतरली. पहिल्याला आमचा निकाल पटला नाही. दुसरा उठून माळ्यावर चढला. वडिलांच्या टॅक्सीचे जुने लोखंडी मीटर त्याने खाली काढले, फडक्याने पुसले आणि झेंडा फिरवून दाखवला. अजून टिक्‌ वाजते.