जिमवरचा जीएसटी उतरला. बेलवलीतल्या रुग्णाने आता जिम लावावी का?

22 सप्टेंबर 2025 पासून जिम, योगवर्ग आणि हेल्थ क्लबच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. 3 सप्टेंबरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या 56व्या बैठकीत हा निर्णय झाला. तेव्हापासून ओपीडीत एक प्रश्न नेमाने येतो: "डॉक्टर, जिम स्वस्त झाली म्हणतात, लावून टाकू का?" विचारणारे बहुतेक मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे रुग्ण असतात, नाहीतर वडिलांना सोबत घेऊन आलेला मुलगा.

बदलापूर पश्चिमेला बेलवलीसारख्या वस्तीत हा प्रश्न साधा नाही. घराचा हप्ता चालू असतो, घरात दोन माणसांची औषधे महिन्याच्या महिन्याला येतात आणि कमावणारा माणूस सकाळी लोकल पकडून रात्री परततो. जिमची फी अशा घरात कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या खर्चातून काढावी लागते. म्हणून आधी हिशेब पाहू, मग आजार.

कर कमी झाला, फी किती कमी झाली?

समजा मूळ वार्षिक फी 10,000 रुपये आहे. 18 टक्क्यांनी ती 11,800 होत होती, 5 टक्क्यांनी 10,500 होते. म्हणजे 1,300 रुपये वाचले, पण ते कागदावर. हा 5 टक्के दर 'इनपुट टॅक्स क्रेडिट'शिवाय आहे. जिमचालक जागेच्या भाड्यावर आणि यंत्रांवर जो जीएसटी भरतो, तो त्याला आता वळता करून घेता येत नाही. तो खर्च काही जण मूळ फीत घालणार, हे उघड आहे. त्यामुळे जाहिरातीतला कर पाहू नका, हातात पडणाऱ्या पावतीची एकूण रक्कम गेल्या वर्षीच्या पावतीशी ताडून पाहा.

दुसरी गोष्ट लहान जिमची. वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा व्यावसायिकाला सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. दीडशे सभासद आणि माणशी 9,000 रुपये धरले तरी उलाढाल साडेतेरा लाख होते. गल्लीतल्या अशा जिमने आधीही कर लावायचा नव्हता, त्यामुळे तिथे काही स्वस्त होण्याचा प्रश्नच नाही. पावतीवर जीएसटी क्रमांक नसेल आणि तरीही जीएसटी मागत असतील, तर सरळ विचारा.

खरा भाव दिवसाचा

फीचा आकडा वर्षाचा असतो, पण आपण विकत घेतो ते व्यायामाचे दिवस. 9,000 रुपये भरून आठवड्याला तीन दिवस वर्षभर गेलात, तर 156 फेऱ्या होतात आणि एक फेरी 58 रुपयांना पडते. जानेवारीत जोशात सुरुवात केली, मार्चनंतर पाय थांबले आणि एकूण 40 फेऱ्या झाल्या, तर तीच फेरी 225 रुपयांची होते.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या सात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी दोन अर्थतज्ज्ञांनी तपासल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध केल्या. महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी फक्त 4.3 वेळा जात होते. त्यांना एक फेरी 17 डॉलरहून महाग पडत होती. दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर तीच 10 डॉलरला मिळाली असती. माणूस फी भरताना भविष्यातल्या उत्साही स्वतःसाठी भरतो आणि जिमला जायचे असते आजच्या थकलेल्या माणसाला.

बदलापूरकराच्या बाबतीत यात लोकलची भर पडते. सीएसएमटीपर्यंत जायला दीड तासाच्या आसपास, यायला तेवढाच आणि त्यात गर्दी. रात्री साडेआठ-नऊला स्टेशनवर उतरलेल्या माणसाने कपडे बदलून पुन्हा बाहेर पडावे, ही अपेक्षा कागदावर सोपी आहे. जिम पूर्वेला आणि घर पश्चिमेला असेल, तर पावसाळ्यात बेलवलीच्या भुयारी मार्गात पाणी साचले की तेही कारण पुरते. माझ्या मते घरापासून किंवा स्टेशन ते घर या वाटेपासून दहा मिनिटांपेक्षा लांब असलेली जिम कितीही स्वस्त असली तरी महागच पडते.

आजाराला नेमके काय हवे?

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने भारतात मधुमेहाचे सुमारे 10.1 कोटी रुग्ण असल्याचा अंदाज दिला. 35 टक्क्यांहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचेही त्यात दिसले. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मांडलेल्या आकडेवारीत भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण 57 टक्के होते, पुरुषांमध्ये 42.

संघटनेची शिफारस अशी आहे: आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग. वयाची 65 वर्षे ओलांडलेल्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत.

यातल्या 150 मिनिटांसाठी ट्रेडमिल लागत नाही. बेलवलीच्या बऱ्याच भागांतून स्टेशन चालत गाठता येते. शेअर रिक्षा सोडून जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटे भरभर चाललात, तर पाच दिवसांत 150 मिनिटे भरतात आणि रिक्षाचे पैसेही वाचतात. मधुमेह असेल तर रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे जेवणानंतरची साखर खाली ठेवायला मदत करते. सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नका, कारण व्यायामाने इन्सुलिनचे काम सुधारते, पण तो परिणाम एक-दोन दिवसांतच ओसरू लागतो.

ताकदीच्या व्यायामाला लोक जिमचे काम समजतात. सुरुवातीला तसे काही नसते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, पायरीवर टाचा उचलणे, एवढे तरी आधी जमायला हवे. वजन हवे असेल तर पाण्याची एक लिटरची बाटली एक किलोची आणि पाच लिटरचा तेलाचा डबा साधारण साडेचार किलोचा. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आणखी एक बिनखर्चाचा प्रकार आहे: भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, खुर्चीवर बसल्यासारखे स्थिर राहणे. 270 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा स्थिर व्यायामांनी वरचा रक्तदाब सरासरी 8 आणि खालचा 4 अंकांनी उतरल्याचे दिसले. त्यांत भिंतीचा हा प्रकारही होता. सुरुवात 20-30 सेकंदांनी करा, श्वास रोखू नका. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

माझा सल्ला विचाराल, तर हाताशी एकच रक्कम असताना आधी दंडावर बांधायचे रक्तदाब मशीन, चांगले बूट आणि दर तीन महिन्यांची एचबीए1सी तपासणी, जिम त्यानंतर. वर्षाची फी भरली म्हणून तपासणी पुढे ढकलणारे रुग्ण मी पाहतो आणि तो सौदा तोट्याचाच असतो.

घरचा व्यायाम फुकट असतो का?

नसतो. वन रूम किचनमध्ये चार माणसे असतील, तर चटई पसरायला जागा कुठली? एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत व्यायाम सोसत नाही.

आणि घरातल्या बाईचे काय? तिने घरी सूर्यनमस्कार सुरू केले की तिसऱ्या नमस्काराला कुकरची शिट्टी होते, पाचव्याला मुलाचा डबा सापडत नाही. ती जिमला किंवा योगवर्गाला जाते, तेव्हा त्या तासात तिला कोणी हाक मारत नाही. फीचे पैसे यंत्रांचे नसतात, त्या अखंड तासाचे असतात. स्त्रियांमधले ते 57 टक्के पाहता मला हा खर्च चैनीचा वाटत नाही. घरच्यांना तो वाटत असेल, तर तेवढा एक तास घरातच तिला मोकळा करून द्यावा. पैसे वाचतील, पण डबा कोणाला तरी भरावा लागेल.

घरच्या व्यायामाची दुसरी मर्यादा दोन-तीन महिन्यांनी कळते. स्नायूंवरचा भार हळूहळू वाढवत न्यावा लागतो. तेलाचा डबा सहज उचलता यायला लागला की पुढे काय, हे घरी सुचत नाही. साठीनंतर पायांतली ताकद गेलेले, पडण्याची भीती असलेले किंवा कसे करायचे हे कोणीतरी समोर उभे राहून दाखवल्याशिवाय न जमणारे रुग्ण यांना चांगल्या प्रशिक्षकाचे पैसे वसूल होतात. गुडघे किंवा कंबर दुखत असेल, तर मात्र वर्षाच्या जिमऐवजी फिजिओथेरपिस्टकडे चार-पाच वेळा जाणे अधिक कामाचे. घरी ट्रेडमिल घेण्याचा विचार असेल, तर आधी जागा मोजा. बऱ्याच घरांत त्यावर शेवटी टॉवेल वाळतात.

आधी तपासणी कोणी करावी?

विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव 10 ऑगस्ट 2022 रोजी दिल्लीत जिममध्ये ट्रेडमिलवर कोसळले आणि सप्टेंबरमध्ये गेले. अशा बातम्यांनंतर घरचे लोक जिम बंद करायला लावतात. पण झाकलेला हृदयविकार घरच्या जोर-बैठकांतही उघडा पडू शकतो. जागा बदलून धोका टळत नाही. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येणे, श्रमाच्या मानाने फार धाप लागणे, भोवळ येणे, यांपैकी काही असेल तर दोन्ही थांबवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तरीही तेच.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामाआधी साखर पाहा. ती 90 च्या खाली असेल तर काही खाऊन मगच सुरू करा. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनी जड वजने आणि डोके खाली जाणारी आसने नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नयेत. पायांची संवेदना कमी असेल तर अनवाणी व्यायाम नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर जिमच्या काउंटरवरची प्रोटीन पावडर डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. पुष्कळदा फीपेक्षा त्या डब्याचाच खर्च जास्त होतो.

लावायचीच असेल तर

आधी सहा आठवडे घरी आणि रस्त्यावर करून पाहा आणि कॅलेंडरवर दिवस खुणवा. आठवड्याला तीन खुणा पडत असतील, तर तुम्हाला जिमची गरज कदाचित नाही, किंवा असेल तर फी वाया जाणार नाही. खुणा पडत नसतील, तर जवळच्या जिमची एक महिन्याची फी भरा आणि पुन्हा मोजा. वर्षाचा आकडा मोहात पाडतो, पण महिन्याचे 1,200 आणि वर्षाचे 9,000 असा भाव असेल, तर साडेसात महिन्यांहून जास्त टिकलात तरच वर्षाची फी परवडते. डिसेंबर-जानेवारीच्या सवलतींत हे गणित मुद्दाम करावे.

भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: आजारपणात सभासदत्व किती दिवस थांबवता येते आणि मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळतात. "फी परत मिळणार नाही" असा शिक्का मारला म्हणून ग्राहकाचे सगळे हक्क संपत नाहीत. जिम मध्येच बंद पडली किंवा ठरलेली सेवा मिळाली नाही, तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.