अळी गेली, मावा आला

श्रावण-भाद्रपदात आमच्या सरकारी रुग्णालयात एक चित्र ठरलेले असते. घामाने भिजलेला, तोंडातून लाळ गळणारा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेला तरुण, आणि शेतातून तसाच धावत आलेला भाऊ. ॲट्रोपिन सुरू होते. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडकडचा असाच एक शेतकरी तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि म्हणाला, "साहेब, बीटी लावली की अळी नाही म्हणतेत. मग मावा-तुडतुड्यापायी फवारून फवारून जीव का जायलाय?"

प्रश्न कृषी विद्यापीठाचा, पण रुग्ण माझा. म्हणून वाचायला बसलो.

झाडाला पळता येत नाही, त्यामुळे त्याची सगळी लढाई रसायनांची. अळीने पान कुरतडले की कपाशीत जास्मोनिक आम्ल तयार होते. आपल्या शरीरात सूज आणि वेदना घडवणारी प्रोस्टाग्लँडिन असतात, त्यांचे हे चुलत भावंड म्हणता येईल. दोन्ही स्निग्धाम्लांपासूनच बनतात. या इशाऱ्यानंतर नव्या पानांत गॉसिपॉल आणि त्याच्या जातकुळीची विषारी द्रव्ये वाढतात. (सरकीतले हेच गॉसिपॉल चीनमध्ये १९७०च्या दशकात पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीसाठी तपासले गेले. रक्तातले पोटॅशियम घटू लागले, काहींची प्रजननक्षमता परतलीच नाही, आणि तो नाद सुटला.) रस शोषणाऱ्या किडींमुळे मात्र बरेचदा सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग जागा होतो. ॲस्पिरिन याच आम्लापासून बनते. हे दोन मार्ग अनेकदा एकमेकांना दाबतात. प्रयोगशाळेतल्या मोहरीवर्गीय रोपावर पांढऱ्या माशीची पिले वाढवली, तेव्हा सॅलिसिलिक मार्ग चाळवला गेला आणि तिला खरा त्रास देणारा जास्मोनिक मार्ग थंडावला. भलतीच घंटा वाजवून चोर आत, असा प्रकार.

आता बीटी. भारतात तिला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातले प्रथिन बोंडअळ्यांना मारते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना त्याचे काहीच नाही. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी एक वेगळी बाजू मांडली. बीटी कपाशीवर अळ्या लवकर मरतात, पान फारसे कुरतडले जात नाही, झाड इशारा देत नाही, आणि ती विषारी द्रव्येही वाढत नाहीत. काचगृहात अशा झाडांवर मावा अधिक फोफावला. अळीचा त्रास मावाही भोगत होता. अळी गेली आणि त्याचे फावले.

इथे मी सावध होतो. उघड्या शेतात हे नाते तितके स्पष्ट दिसले नाही. काही तारखांनाच बीटीवर मावा जास्त आढळला. औषधांच्या बाबतीत आम्ही हे रोज पाहतो, प्रयोगशाळेतला गुण वॉर्डात निम्मा उरतो. म्हणून दिंद्रुडच्या माव्याचे सगळे खापर गॉसिपॉलवर फोडणे चूक ठरेल. तुडतुड्यांना बळी पडणारे संकरित वाण, बियाण्याला चोळलेल्या कीटकनाशकांना किडींनी दाखवलेला प्रतिकार, ही कारणे मला जास्त वजनदार वाटतात. त्यात गुलाबी बोंडअळीनेही बीटी पचवली. केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये भारतातल्या दोन दशकांचा हिशेब मांडला: सुरुवातीला फवारणी घटली, पण पुढे कीटकनाशकांवरचा शेतकऱ्याचा खर्च बीटीपूर्वीपेक्षाही वर गेला.

तो खर्च कुठे पोचतो ते २०१७ मध्ये यवतमाळने पाहिले. फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात आले. बियाण्याची परवानगी देताना 'लक्ष्य कीड मेली का' हे जितके काटेकोर तपासले जाते, तितकेच 'तिच्या जागी कोण येईल आणि त्यावर काय फवारले जाईल' हेही तपासायला हवे. ते शेवटी आमच्या खाटांवर मोजले जाते.

त्या शेतकऱ्याने पंपात तीन औषधे कालवली होती: अळीचे, माव्याचे आणि दुकानदाराने दिलेले 'टॉनिक'. पहिल्या रात्री आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. ऑरगॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन चालते, निओनिकोटिनॉइडवर नेमका उतारा नाही. सकाळी त्याच्या बायकोने पदराखालून तिन्ही रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या, तेव्हा उपचाराला दिशा मिळाली. फवारणीनंतर कुणाला दवाखान्यात आणायची वेळ आली, तर अंगावरचे कपडे काढून त्याला साबणाने धुवा आणि बाटल्या लेबलसकट सोबत आणा.