विश्लेषण : ओपेकचे अध्यक्ष ते फरार दोषी... अल्जीरियाच्या शकीब खलील यांचे काय झाले?

17 डिसेंबर 2008. अल्जीरियाच्या ओरान शहरात ओपेक देशांचे तेलमंत्री जमले होते. जुलैमध्ये 147 डॉलरपर्यंत गेलेले पिंप 40 डॉलरच्या आसपास घसरले होते. त्या दिवशी ओपेकने दररोज 22 लाख पिंपांची कपात जाहीर केली. सप्टेंबरपासूनची एकूण कपात त्यामुळे 42 लाख पिंपांवर गेली. ही घोषणा करणारे ओपेकचे तत्कालीन अध्यक्ष म्हणजे अल्जीरियाचे ऊर्जामंत्री शकीब खलील. त्याच वर्षी उन्हाळ्यात तेल 170 डॉलरपर्यंत जाऊ शकते, असे भाकीत त्यांनी केले होते. त्या भडक्याची झळ भारतालाही बसली आणि जून 2008 मध्ये केंद्र सरकारने पेट्रोल लिटरमागे पाच रुपयांनी महाग केले.

त्यानंतर अवघ्या 17 महिन्यांत खलील यांचे मंत्रिपद गेले. पाच वर्षांच्या आत त्यांच्यावर अटक वॉरंट निघाले. 2022 मध्ये त्यांच्याच देशातील न्यायालयाने त्यांना गैरहजेरीत 20 वर्षांची शिक्षा सुनावली.

खलील कोण आहेत?

1939 मध्ये मोरोक्कोतील औजदा शहरात त्यांचा जन्म झाला. अल्जीरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष अब्देलअझीझ बुतेफ्लिका यांचे जन्मगावही तेच. या योगायोगाला पुढे फार महत्त्व आले.

खलील यांनी अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून पेट्रोलियम अभियांत्रिकीत पीएचडी केली आणि तिथल्या तेल कंपन्यांत अनुभव घेतला. फेब्रुवारी 1971 मध्ये राष्ट्राध्यक्ष हुआरी बुमेदीन यांनी फ्रेंच तेल कंपन्यांचा 51 टक्के हिस्सा सरकारच्या ताब्यात घेतला. फ्रेंच तंत्रज्ञ निघून गेले आणि विहिरी चालवायला देशी अभियंते हवे होते. अशा वेळी परतलेल्या पिढीत खलील होते. ते सोनाट्राक या सरकारी तेल कंपनीत रुजू झाले आणि नंतर बुमेदीन यांचे सल्लागारही झाले. 1980 मध्ये ते जागतिक बँकेत गेले आणि जवळपास दोन दशके तिथेच राहिले. 1999 मध्ये बुतेफ्लिका सत्तेवर आले आणि त्याच वर्षाअखेरीस खलील ऊर्जा व खाण मंत्री झाले.

2001 ते 2003 या काळात सोनाट्राकचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच होते. म्हणजे कंपनीवर देखरेख ठेवणारा आणि कंपनी चालवणारा माणूस एकच! देशाच्या निर्यात उत्पन्नाचा 95 टक्क्यांहून अधिक भाग तेव्हा ज्या तेल-वायूतून येत होता, त्याच्या सगळ्या चाव्या एका हातात आल्या.

तेल कायद्यावरून वाद का झाला?

खलील यांचे सर्वांत मोठे काम हा कायदाच, आणि तोच अपुरा राहिला. सोनाट्राक एकाच वेळी कंपनी आणि नियामक असल्याने परदेशी गुंतवणूकदार कचरतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या आराखड्यानुसार परवाने व नियमन दोन स्वतंत्र संस्थांकडे जाणार होते, तर सोनाट्राकला नव्या क्षेत्रांत केवळ 20 ते 30 टक्के हिस्सा घेण्याचा पर्याय उरणार होता. उरलेला परदेशी कंपनीचा.

तांत्रिक दृष्टीने यात तथ्य होते. पण अल्जीरियात 1971 चा 51 टक्क्यांचा आकडा स्वातंत्र्याइतकाच जिव्हाळ्याचा आहे. कामगार संघटनांनी फेब्रुवारी 2003 मध्ये खासगीकरणाविरोधात सार्वत्रिक संप केला. 2004 ची निवडणूक पार पडेपर्यंत विधेयक थंड्या बस्त्यात गेले. 2005 मध्ये ते मंजूर झाले खरे, पण पुढच्याच वर्षी बुतेफ्लिकांनी वटहुकूम काढून सोनाट्राकचा 51 टक्के हिस्सा परत आणला, शिवाय तेल 30 डॉलरच्या वर गेल्यास कंपन्यांच्या नफ्यावर जादा करही लावला. मंत्री मात्र तेच राहिले. स्वतःच्या कायद्याचा गाभा काढून टाकणारी दुरुस्तीही खलील यांनीच राबवली. त्यांचे पद कायद्यावर नव्हे, राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर टिकून होते, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

घोटाळ्याचे प्रकरण काय?

जानेवारी 2010 मध्ये सोनाट्राकचे प्रमुख मोहम्मद मेझियान आणि अनेक वरिष्ठ अधिकारी कंत्राटांतील गैरव्यवहाराच्या चौकशीत अडकले. तपास डीआरएस या लष्करी गुप्तचर यंत्रणेचा होता. ही यंत्रणा आणि राष्ट्राध्यक्षांचे वर्तुळ यांच्यातील चढाओढ सर्वज्ञात होती. मे 2010 मध्ये खलील यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले.

2013 मध्ये प्रकरण इटलीत पोहोचले. सुमारे आठ अब्ज युरोची कंत्राटे मिळवण्यासाठी सैपेम कंपनीने मध्यस्थामार्फत 19 कोटी 80 लाख युरो दिले, असा आरोप मिलानच्या सरकारी वकिलांनी ठेवला. ऑगस्टमध्ये अल्जीअर्सचे महाभियोक्ता बेल्कासेम झेघमाती यांनी खलील यांच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय वॉरंट जाहीर केले. तेव्हा खलील अमेरिकेत होते. त्यांनी आरोप सातत्याने फेटाळले आहेत.

इथून पुढचा घटनाक्रम तारखांसह पाहण्यासारखा आहे. 2013 चे वॉरंट प्रक्रियेच्या मुद्द्यावर निष्प्रभ ठरले. सप्टेंबर 2015 मध्ये डीआरएसचे दीर्घकाळचे प्रमुख निवृत्त केले गेले आणि जानेवारी 2016 मध्ये ती यंत्रणाच विसर्जित झाली. मार्चमध्ये खलील ओरानला विमानाने उतरले. विमानतळावर त्यांचे अधिकृत स्वागत झाले. त्यांना पुन्हा मोठे पद मिळणार, अशी चर्चाही रंगली.

एप्रिल 2019 मध्ये जनआंदोलनापुढे बुतेफ्लिका पायउतार झाले. खलील पुन्हा देशाबाहेर होते. त्यांच्यावर नव्याने वॉरंट निघाले आणि तोवर न्यायमंत्री झाले होते तेच झेघमाती.

दोन देश, दोन निकाल

मिलानच्या कनिष्ठ न्यायालयाने 2018 मध्ये सैपेमला दोषी ठरवले होते. 2020 च्या सुरुवातीला अपील न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले आणि वर्षअखेरीस इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. खलील या खटल्यात आरोपी नव्हते, त्यामुळे ही त्यांची निर्दोष मुक्तता म्हणता येत नाही. अल्जीअर्सच्या न्यायालयाने मात्र फेब्रुवारी 2022 मध्ये अर्झेव येथील वायू प्रकल्पाच्या कंत्राटाबाबत त्यांना 20 वर्षे ठोठावली आणि सैपेमलाही मोठा दंड केला. आरोपी समोर नसल्याने त्याची उलटतपासणी झालीच नाही. पैसा नेमका कुठे गेला, याचे दोन्ही देशांच्या न्यायव्यवस्थेला मान्य होईल असे उत्तर आजही नाही.

दरम्यान, डिसेंबर 2019 मध्ये अल्जीरियाने नवा तेल कायदा केला. 51 टक्क्यांची अट कायम ठेवून करांचा बोजा हलका केला आणि परदेशी कंपन्यांसाठी करारांचे प्रकार वाढवले. खलील यांच्या निकालानंतर दोन महिन्यांनी, एप्रिल 2022 मध्ये, रशियन वायूला पर्याय शोधत इटलीचे पंतप्रधान मारिओ द्रागी अल्जीअर्सला आले. वायूपुरवठा वाढवण्याच्या करारावर सह्या केल्या सोनाट्राक आणि एनी यांनी. एनी ही सैपेममधील प्रमुख भागधारक असून मिलानच्या खटल्यात तीही निर्दोष सुटली होती.