लघुपटाला तिकीटखिडकी नसते

युरोपात लघुपट आणि अ‍ॅनिमेशन यांना मिळणाऱ्या सार्वजनिक अर्थसाहाय्यावर नेहमीचा आक्षेप असा, की मूठभर रसिकांच्या हौसेसाठी करदात्याचा पैसा उधळला जातो. फ्रान्सपुरता तरी तो टिकत नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या तिथल्या राष्ट्रीय सिनेमा केंद्राकडे चित्रपटाच्या तिकिटामागे १०.७२ टक्के कर जमा होतो; दूरचित्रवाहिन्यांकडूनही वेगळा कर येतो. हॉलीवूडचा चित्रपट पाहायला गेलेला माणूसही नकळत एखाद्या नवख्याच्या लघुपटाला हातभार लावतो. सिनेमाचा पैसा सिनेमातच फिरतो. शाळा-दवाखान्यांच्या तोंडचा घास कोणी काढून घेत नाही.

दुसरा आक्षेप : गुण असेल तर बाजार त्याला हेरेलच. असे म्हणणाऱ्याने बाहुलीपटाचे काम एकदा जवळून पाहावे. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. एकच स्थिती दोन चौकटींना वापरली, तरी सेकंदाला बारा वेळा बाहुलीला हात लावावा लागतो. मनगट किंचित वळवायचे, भुवई केसभर उचलायची, बाजूला व्हायचे, छायाचित्र टिपायचे. दहा मिनिटांच्या पटासाठी हे ७,२०० वेळा. आणि एवढे करून दहा मिनिटांच्या पटाचे वेगळे तिकीट कोण काढतो? जिथे खिडकीच नाही, तिथे बाजार निवड करणार कशी?

लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने शाळेत असताना, २०१२ साली, पाण्याला भिणाऱ्या मांजरावर ‘अ‍ॅक्वा’ हा लघुपट केला. त्याला सरकारी निधी लागला नाही, हे मान्यच करायला हवे. निधी लागला तो त्याच कल्पनेचा पूर्ण लांबीचा चित्रपट करताना. जेमतेम १९ लाख वस्तीच्या देशात घरच्या तिकीटविक्रीवर तो उभा राहिला नसता. लाटव्हिया, फ्रान्स व बेल्जियम यांनी मिळून तो उभा केला, त्यात सार्वजनिक पैसा होता. ‘फ्लो’ला २०२५ साली ऑस्कर मिळाले.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : पैसा देणारी समिती आपली आवडही लादते. सोव्हिएत काळात एस्टोनियाच्या प्रीत पार्नला ‘गवतावरची न्याहारी’साठी मॉस्कोच्या परवानगीची वाट पाहावी लागली, पट पूर्ण झाला १९८७ साली. पण दोष तिथे सरकारी पैशाचा नव्हता. दार एकच होते, हा होता. आज फ्रान्समध्ये राष्ट्रीय केंद्राने नाकारलेली संहिता प्रादेशिक निधीकडे नेता येते, सार्वजनिक वाहिनीला दाखवता येते. दारे अनेक ठेवणे, हाच त्या आक्षेपावरचा उपाय आहे.

‘पण पाहतो कोण?’ या प्रश्नाचे उत्तरही तिथेच मिळते. १९९४ पासून फ्रान्समधील प्राथमिक शाळांची मुले वर्गशिक्षकांबरोबर गावच्या चित्रपटगृहात जातात, आणि त्यांना दाखवायच्या चित्रपटांत लघुपटांचे संचही असतात.