ट्यूब पेटेना, खोट कुठे?

एलईडी घरोघर आली, तरी गोठ्यात नि माजघरात जुनी ट्यूब अजून दिसते. ती पेटेना, की आपण आख्खी पट्टीच बदलायला निघतो. पुष्कळदा खोट एकाच भागात असते. कुंडलच्या शेजारी माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. यंत्राची ओळख आपल्या मुलखाला जुनी. मग पट्टीला का बिचकावे?

आधी मेन स्विच बंद करा. नुसत्या बटणावर विसंबू नका. ते न्यूट्रलच्या तारेत जोडलेले असेल, तर बंद करूनही आत वीज राहते.

आतला जड ठोकळा म्हणजे चोक. लोखंडी पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. तो ट्यूबला पेटताना विजेचा जोर देतो, मग प्रवाहाला लगाम घालतो. छोटी गोल डबी म्हणजे स्टार्टर. त्याचे काम पेटवण्यापुरते.

आता खुणा ध्यानात ठेवा. दोन्ही टोके उजळ नि मध्ये अंधार, तर स्टार्टर चिकटला. टोके काळी पडून ट्यूब लुकलुकते, तर तिचे आयुष्य सरले. जळका वास आला, तर चोक पाहा.

स्टार्टर नसून हलकी डबी असेल, तर तो इलेक्ट्रॉनिक चोक. त्यातला कंडेन्सर वीज तोडल्यावरही झटका देऊ शकतो. ती डबी उघडू नका, वायरमनकडून बदलून घ्या.

जुनी ट्यूब उकिरड्यावर मात्र टाकू नका. तिच्यात पारा असतो. काचांसह तो खतातून आपल्याच रानात जाईल.